टोन कंट्रोलचा विटाळ कशाला?

या खेपेलाही निम्म्या पत्रांत एकच शंका आहे, म्हणून तीच आधी घेतो.

प्रश्न : दीड लाखाचा ऍम्प्लिफायर घेतोय. त्याला टोन कंट्रोल, म्हणजे बास (खर्ज) आणि ट्रेबल (वरचे स्वर) कमी-जास्त करायचे नॉब, नाहीत. दुकानदार म्हणतो, शुद्ध आवाजाला ते मारकच. खरं का?

नॉब काढले की सर्किट सुटसुटीत होतं, एवढंच खरं. बाकीचं सोवळं दुकानदारानं सांगू नये. एलपी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. ऍम्प्लिफायरमधला रेकॉर्ड प्लेअरसाठीचा भाग, म्हणजे फोनो स्टेज, ते उलटं करतो. २० हर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झ या दोन टोकांत जवळजवळ ४० डेसिबलचा फरक! तिथे विटाळ होत नाही, पण घरी ट्रेबल दोन डेसिबल उतरवलं की होतो. इंग्लिश इंजिनिअर पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेलं टोन कंट्रोलचं सर्किट नॉब मध्यावर असताना सपाटच राहतं, म्हणजे काही चढवत-उतरवत नाही. लक्समन, मॅकिंटॉश यांच्या महागड्या ऍम्प्लिफायरांवरही नॉब दिसतात. पैसे मोजण्याआधी आपल्या, विशेषतः कर्कश छापलेल्या, रेकॉर्डी नेऊन ऐका.

प्रश्न : नॉब मध्यावर असताना टोन कंट्रोल वगळणारं ‘डायरेक्ट’ बटण दाबावं का?

फरक ऐकू येत नसेल तर विसरून जा.

प्रश्न : रात्री हळू लावलं की तबला पोकळ वाटतो.

कानच तसा आहे, आवाज हळू केला की त्याला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. बास थोडा चढवा, सकाळी आठवणीनं उतरवा.

प्रश्न : १२ फूट लांबीच्या खोलीत खर्ज घुमतो. बास कमी केला तर डगाच गेला. अठरा हजारांची केबल सुचवली आहे.

केबल घेऊ नका! आधी नॉब काढून घ्यायचा, मग त्याचंच काम केबलच्या भावात विकायचं, हा धंदा मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. तुमचा दोष खोलीत आहे. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा स्वर अडकून फुगतो. बासचा नॉब मात्र तेवढाच दाबत नाही, काही शे हर्ट्झपासून खालचं सगळंच उतरवतो. म्हणून डगा गेला. सोफ्यावरून उठून खोलीच्या मध्यावर उभे राहा. तिथे घूं कमी झालं, तर निदान झालं. सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून ओढा. (घरचे कुरकुरतील, माझेही कुरकुरले.) पडदे, पातळ फोम आणि ते अंड्यांचे ट्रे इथे निरुपयोगी आहेत. या स्वराची लाट २४ फुटांची, तिला इंचभर फोम काय करणार? एवढ्यानं भागलं नाही तर मायक्रोफोन लावून खोली मोजून देणारा माणूस बोलवा. मोजण्याआधीच सामान सुचवणारा नको.

प्रश्न : वय ६८. वर्षभर ट्रेबल पूर्ण चढवूनही झांजा ऐकू येत नाहीत. ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या स्वरांचा भाग) बदलावा का?

झांजा नातवंडांना ऐकू येतात का? येत असतील तर ट्वीटर राहू द्या आणि याच आठवड्यात कान तपासून घ्या. वर्षभर थांबलात कशाला? त्यांनाही येत नसतील, तर स्पीकर मेकॅनिककडे न्या. तोवर ट्रेबल मध्यावर आणा. पूर्ण चढवून मोठ्यानं लावलंत तर चांगला ट्वीटरही जळेल.