रिव्ह्यूअरच्या आधी संपादक

संशोधनाचा पेपर जर्नलला, म्हणजे शोधनियतकालिकाला, पाठवला की थेट रिव्ह्यूअरकडे, म्हणजे तो तपासणाऱ्या त्या विषयातल्या तज्ज्ञाकडे, जातो असं समजू नकोस. आधी संपादक चाळतो, आणि बरेच पेपर तिथूनच परत येतात. अनेकदा कारण साधं असतं: विषय त्या जर्नलच्या कक्षेत बसत नाही. म्हणून त्यांचे अलीकडचे अंक आधी बघ. पुढे दोन-तीन रिव्ह्यूअर, तेही बहुधा बिनपगारी, महिने जातातच.

'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा, असं उत्तर आलं तर खचू नकोस, तो नकार नव्हे. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून खाली उत्तर आणि बदललेल्या ओळीचा क्रमांक दे. 'नमुना इतका लहान का?' या शेऱ्यावर मी एकदा चिडून अर्धं पान खरडलं होतं. सकाळी ते खोडून एवढंच लिहिलं: मर्यादा मान्य, परिच्छेद जोडला आहे.

आणि हो, एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवायचा नाही.