सगळ्यांच्या सामायिक गूगल शीटमध्ये बेरीज अचानक चुकते, काही ठिकाणी रेफ एरर (#REF!) येते. काय करावे?

आधी फॉर्म्युल्याला हात लावू नका, डेटा बघा. आमच्या सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात हेच झालं होतं. स्टॉकच्या शीटमध्ये कुणीतरी ५० ऐवजी ‘५० नग’ लिहिलं. सम फॉर्म्युला असा मजकूर गुपचूप सोडून देतो, एररही दाखवत नाही; म्हणून बेरीज कमी येते. तिथंच अधिकचं चिन्ह वापरलं असतं तर व्हॅल्यू एरर (#VALUE!) तरी दिसली असती! ओळखायची खूण सोपी: अलाइनमेंट बदललेली नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. ‘नग’ दिसायलाच हवं असेल तर कस्टम नंबर फॉरमॅटमधून द्या (आकडा आकडाच राहतो, ‘नग’ फक्त दिसतं), सेलमध्ये टाइप करू नका.

रेफ एरर म्हणजे बहुतेक वेळा फॉर्म्युल्यातला कॉलम किंवा ओळ कुणीतरी उडवलेली असते. व्हर्जन हिस्ट्रीत, म्हणजे शीटमधल्या आधीच्या बदलांच्या नोंदीत, कोण ते कळतं (भांडण नंतर करा). जुनं व्हर्जन थेट रिस्टोअर केलंत तर बाकीच्यांचं नंतरचं काम मागं जाईल. त्याची कॉपी काढा आणि फक्त फॉर्म्युला उचला. मग डेटा मेनूतून फॉर्म्युल्याचे कॉलम प्रोटेक्ट करून टाका.