तारीख टाकून लिहीत जा

अगं, ठाण्याहून टोरांटोला यायचं ठरतंय, तर लेकाला शाळेत ज्यू म्हणून कुणी छळलं तर तिथला कायदा पाठीशी उभा राहतो का, असं विचारलंस. व्हिसाचं तुझं तू बघशील. मी एवढ्याचंच उत्तर देते, कारण तुझा प्रश्न वाचल्यापासून मला झोप नाही.

कायदा उभा राहतो, पण सावकाश. कॅनडाच्याच न्यू ब्रन्सविक प्रांतात माल्कम रॉस नावाचे शिक्षक शाळेबाहेर ज्यूद्वेषी पुस्तकं लिहायचे. १९८८मध्ये डेव्हिड अॅटिस या ज्यू बापानं मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली, आणि तीही शाळा मंडळाविरुद्ध, की असा माणूस वर्गावर ठेवलाच कसा? त्यांच्या मुली रॉसच्या वर्गात नव्हत्या, तरीही. रॉसना वर्गावरून हटवणं योग्यच, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६मध्ये आला. आठ वर्षं! एवढ्यात आपल्या पोराची शाळा संपत येते.

आमचा धाकटा सहावीत असताना त्याच्या बाकावर कुणीतरी नाझी चिन्ह कोरलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही इंडियातले, तुमच्याकडे हे शुभ असतं ना?" मी गप्प बसले. ठाण्यात शेजारच्या काकूंच्या रांगोळीतलं स्वस्तिक बघत मी वाढले, ते ओलांडून दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला गेले. त्याची कधी भीती वाटली नाही. आणि हे चिन्ह बघून पोटात गोळा आला. हा फरक त्या खोलीत इंग्रजीत मला सांगता आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक बदललं. मी फोटोही काढला नव्हता.

टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार ट्रिब्युनलकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या न्यायमंडळाकडे, शेवटच्या घटनेपासून वर्षभरात अर्ज करावा लागतो. मी चौदा महिन्यांनी फॉर्म उघडला. काय घडलं, कधी, कुणाला कळवलं, काय उत्तर आलं... माझं सगळं तोंडी. उशीर झाला तर कारण पटवावं लागतं. भीड पडली, हे कारण कसं लिहायचं? तो फॉर्म अजून अर्धवट पडून आहे.

एकटेपणाचं विचारलंस. होते सवय.

धाकट्यानं त्यानंतर गळ्यातला ज्यूंचा सहा टोकांचा तारा शाळेत कधी घातला नाही. आता तो बावीस वर्षांचा आहे, आणि मी त्याला अजून विचारलेलं नाही.

तू मात्र पहिल्याच दिवशी शाळेला ईमेल कर, तारीख टाकून. भेटून बोललीस तरी घरी आल्यावर काय बोलणं झालं ते लिहून पाठव. इंग्रजी अडलं तर मला फोन कर, रात्री कितीही वाजता.