नव्या घरांना सरकारी अनुदान: द्यावं, पण कोणत्या अटीवर?

तुमचा प्रश्न असा आहे की, नवी घरं बांधायला सरकारने अनुदान द्यावं का, की तो पैसा शेवटी विकासकाच्याच खिशात जातो? गृहप्रकल्पांची अंदाजपत्रकं करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हिशेबाच्या बाजूने उत्तर देतो. माझ्या मते अनुदान द्यावं. मात्र ते घराला द्यावं, ग्राहकाला नाही, आणि त्या बदल्यात घर कायमचं परवडणारं ठेवण्याची अट घालावी.

पाणी कुठे मुरतं ते आधी बघा. जमीन घेताना विकासक उलटा हिशेब करतो. तयार घरं किती किमतीला विकली जातील, हा आकडा तो आधी धरतो. त्यातून बांधकामाचा खर्च, कर्जाचं व्याज, परवानग्यांची शुल्कं आणि स्वतःचा नफा वजा केला की जे उरतं, तेवढंच त्याला जमिनीसाठी देता येतं. सरकारने प्रत्येक खरेदीदाराला मदत जाहीर केली की विक्रीचा आकडा वर सरकतो. सिमेंट, सळई, मजुरी होती तेवढीच राहते. मग वाढलेली रक्कम जाणार कुठे? विकासकांची आपसात स्पर्धा असेल तर ती जमिनीच्या भावात जाते. लोक विकासकाला बोल लावतात, पण मी पाहिलेल्या हिशेबांत मोठा वाटा जमीनमालकाकडेच जायचा.

अर्थात हे सगळीकडे सारखं घडत नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली ‘हेल्प टू बाय’ योजनेत फक्त नव्या घरांसाठी किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत सरकारी कर्ज मिळू लागलं. लंडनसाठी २०१६ पासून ही मर्यादा ४० टक्के झाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी तिचा परिणाम तपासला. ग्रेटर लंडनमध्ये, जिथे बांधायला जागा आणि परवानगी दोन्ही दुर्मीळ, तिथे नव्या घरांच्या किमती वाढल्या आणि बांधकाम वाढल्याचं काही आढळलं नाही. इंग्लंड-वेल्सच्या सीमेलगत बांधणं सोपं होतं, तिथे मात्र घरं खरोखर वाढली. शिवाय तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये नोंदवलं की, सुमारे तीन-पंचमांश लाभार्थी या मदतीशिवायही घर घेऊ शकले असते. म्हणजे योजना एकच, पण परिणाम ठरला तो जमिनीवरून. म्हणून उंची, घनता आणि परवानगीचे नियम आधी सैल करा, अनुदानाचं नंतर बोला, असं मी आग्रहाने सांगतो.

आता अटीबद्दल. जर्मनीत अनुदानित घरांवरचं भाड्याचं बंधन ठरावीक वर्षांनी संपतं आणि घर खुल्या बाजारात जातं. १९८०च्या दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीत अशी जवळजवळ ४० लाख घरं होती, आता संपूर्ण देशात सुमारे ११ लाख उरली आहेत. सरकारने एकदा पैसे मोजले आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभं राहिलं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण घरं जागेवरच आहेत, गेला तो त्यांच्यावरचा लोकांचा हक्क.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांसाठी वेगळा कर बसवला आणि महापालिकेने स्वतः बांधायला सुरुवात केली. आज तिच्याकडे सुमारे २,२०,००० घरं आहेत. त्याशिवाय मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांनी भाडं खर्चाच्या आधारे ठरवायचं आणि उरलेला पैसा पुन्हा घरांतच घालायचा, असा कायदा आहे. कर्ज फिटलं तरी घर बाजारभावाने भाड्याला लावता येत नाही. म्हणून जुनी घरं नव्यांना आधार देतात, आणि शहरातले निम्म्याहून जास्त रहिवासी महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

नुसती संख्या गाठण्यासाठी अनुदान दिलं की काय होतं, ते मेक्सिकोत दिसलं. स्वस्त जमीन मिळते म्हणून शहराबाहेर दूरवर वसाहती उभ्या राहिल्या. जवळ काम नाही, बसची सोय अपुरी. २०१०च्या जनगणनेत देशभर सुमारे ५० लाख घरं रिकामी सापडली, त्यांत या वसाहतींमधलीही पुष्कळ होती. अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला मी पहिला प्रश्न हाच विचारेन: इथून कामावर जायला किती वेळ लागतो?

हाच पैसा थेट भाडेकरूंना द्यावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. शहरात रिकामी घरं असतील तर जरूर द्यावा. बांधकामाला वर्षं लागतात आणि गरज आजची असते. घरंच कमी असतील तर मात्र भाडेकरू वाढीव पैसे घेऊन त्याच मोजक्या घरांमागे धावतील आणि भाडी चढतील. तिथे बांधण्यावरच खर्च करायला हवा. त्यासाठी बाजार थंडावलेला काळ निवडला तर अधिक चांगलं, कारण तेव्हा कारागीर रिकामे असतात, जमीनमालकही भावाला नरम येतात आणि तेवढ्याच रकमेत जास्त घरं उभी राहतात.