सीडी प्लेयर ‘अपग्रेड’ केला आणि डिस्कच वाचेना

प्रश्न : वॉरंटीत असलेल्या माझ्या सीडी प्लेयरचे ऑप-अँप (आवाजाचा सिग्नल हाताळणाऱ्या चिपा), आउटपुटचे कपॅसिटर आणि क्लॉक (आतल्या चिपांना ठेका देणारा भाग) एका तंत्रज्ञाकडून बदलून घेतले. ऑप-अँप मी मागवून दिले, बाकी सामान त्याचं. ‘आवाज एकदम खुलेल’ असं तो म्हणाला होता. प्लेयर परत आला तेव्हा एका चॅनलमध्ये घुमणारा आवाज आणि डिस्क टाकली की ‘नो डिस्क’. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने आतलं काम पाहून वॉरंटी नाकारली. पुन्हा तंत्रज्ञाकडे दिला, तर तो म्हणतो, लेझर आधीच गेलेला होता. उरलेले पैसे द्या आणि प्लेयर न्या. खरं सांगायचं तर पूर्वीही एखादी डिस्क अडखळायची, पण ते मी त्याला सांगितलं नव्हतं. मी केलं ते बेकायदा आहे का? दावा कोणावर करू? दुरुस्त झाला तर विकता येईल का?

उत्तर : बेकायदा काही नाही. वस्तू तुमची, तिच्यातले भाग बदलणं तुमच्या मर्जीचं. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ संरक्षण-व्यवस्था तोडण्याबद्दल आहे, तेही हक्कभंगाच्या हेतूने. कपॅसिटर बदलण्याशी त्याचा संबंध नाही.

कंपनीचा नाद सोडा. वॉरंटी म्हणजे करार, आणि बाहेरच्या माणसाने आत हात घातला तर जबाबदारी संपते, अशी अट बहुतेक वॉरंटी-पत्रांत असते. तुमचं पत्र एकदा नीट वाचा. अशी अट नसेल तरच तिथे भांडायला जागा आहे.

राहिला तंत्रज्ञ. त्याने पैसे घेऊन काम केलं, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती ‘सेवा’ झाली, आणि तुम्ही घरच्या वापरासाठी ती घेतलीत म्हणून ग्राहक. शिवाय भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, ताब्यात दिलेल्या वस्तूची साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी.

पण ‘आवाज खुलला नाही’ हा मुद्दा तक्रारीत घालू नका. काय खुलायला हवं होतं हे लेखी ठरलेलं नसेल, तर ते मोजायचं कसं? विरुद्ध बाजूचा वकील तुम्हाला त्याच वादात गुंतवून ठेवेल आणि मूळ बिघाड बाजूला पडेल. डिस्क वाचली जात नाही हे मात्र कोणालाही दाखवता येतं.

इथे थोडं तंत्र कामाला येतं. अनेक प्लेयरमध्ये एकाच क्लॉकवर, बऱ्याचदा १६.९३४४ मेगाहर्ट्झच्या, डॅकही (डिजिटल माहितीचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारी चिप) चालतो आणि डिस्क वाचणारी चिपही. नवं क्लॉक नीट चालत नसेल किंवा चुकीच्या वारंवारतेचं असेल, तर लेझर ठणठणीत असूनही ‘नो डिस्क’ येऊ शकतं. म्हणजे तंत्रज्ञाचा बचाव तपासून पाहता येतो : जुन्या क्लॉकचं मूळ क्रिस्टल जाणकाराकडून परत बसवून पाहा. डिस्क वाचली, तर लेझर गेल्याची कथा संपली. नाही वाचली, तर त्याच्या म्हणण्याला थोडं बळ मिळेल. पण क्लॉक बसवताना बोर्डाला इजा झाली का, हे तरीही तपासावं लागेल. म्हणून काढलेले सगळे जुने भाग आजच लेखी मागा. ते तुमच्याच मालकीचे आहेत. ‘फेकून दिले’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी असू द्या.

घुमणाऱ्या आवाजाबाबत तुमची बाजू लंगडी आहे. ऑप-अँप तुम्ही दिलेले. बाजारात नकली चिपांचा सुळसुळाट आहे आणि तो बोट तिकडेच दाखवणार. खरेदीची पावती सापडते का पाहा. सोल्डरिंग किंवा ग्राउंडची जोडणी चुकली असेल, तर मात्र दोष त्याचा. हे दोन बिघाड तक्रारीत वेगवेगळे मांडा, एकात दुसरा मिसळू नका.

डिस्क अडखळायची ते लपवू नका. वस्तू देताना माहीत असलेला दोष सांगण्याची जबाबदारी करार कायद्याचं कलम १५० देणाऱ्यावर टाकतं. आपणहून सांगितलंत, तर ‘कधीमधी अडखळणं’ आणि ‘एकही डिस्क न वाचणं’ यांतला फरक तुम्हाला दाखवता येतो. उलटतपासणीत बाहेर आलं, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता अडवून ठेवलेला प्लेयर. करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचं उदाहरण कायद्यातच आहे. मात्र हा हक्क ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाच्या मजुरीपुरता आहे. काम बिघडवून पूर्ण पैसे मागणाऱ्याला तो मिळावा का, यावर चांगला युक्तिवाद होऊ शकतो. पण माझा सल्ला वेगळा आहे. उरलेली रक्कम झेपण्यासारखी असेल, तर ‘माझे सर्व हक्क राखून, तक्रार कायम ठेवून देत आहे’ असा मेसेज आधी पाठवा, पैसे बँकेतून द्या आणि प्लेयर ताब्यात घ्या. तो त्याच्याकडे असेपर्यंत पुरावाही त्याच्याच हातात आहे.

ताब्यात आला की स्वतः झाकण उघडू नका. दुसऱ्या जाणकाराकडून तपासणी करून घ्या, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि सही केलेला अहवाल घ्या, दुरुस्ती मात्र थांबवा. वेगळ्या चाचणीची गरज वाटली, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; आधीच सगळं बदलून टाकलंत, तर तपासायला काय उरणार?

मग पंधरा दिवसांची नोटीस द्या. मागणी मोजकी ठेवा : मजुरी परत, प्लेयर पूर्ववत करण्याचा खर्च, जुने भाग. उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते, दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील नेमलाच पाहिजे असंही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

विकायचा झाल्यास खुशाल विका, पण काय बदललं आहे ते जाहिरातीत लिहा आणि जुने भाग सोबत द्या. बदल झाकून ‘कंपनीचा मूळ प्लेयर’ म्हणून विकलात, तर करार कायद्याच्या कलम १७ मधली फसवणूक ठरेल आणि घेणारा कलम १९ खाली व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकेल.