वाचक विचारतात : लिनक्स संगणकावर बॉइंक बसवताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नागपुरात त्रिमूर्तीनगर येथे राहणारी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. २००० सालच्या सुमारास आमच्या घरच्या पहिल्या संगणकावर ‘सेटी ॲट होम’चा रंगीत आलेख रात्रभर हलत असे आणि आपला संगणक परग्रहावरील संदेश शोधतो आहे, याचा माझ्या विद्यार्थ्यांना फार आनंद वाटे. माझा सध्याचा संगणक विंडोज ११ साठी जुना ठरल्यामुळे भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली आहे. संगणक चार धाग्यांचा (एका वेळी चार कामे चालवणारा) आय-थ्री असून त्याची मेमरी ४ जीबी आहे. त्यावर बॉइंक हे संगणकाचा रिकामा वेळ संशोधनाला देणारे सॉफ्टवेअर इन्स्टॉल केले, परंतु मॅनेजर उघडल्यावर ‘चालू असलेल्या क्लायंटशी जोडताना परवानगी नाकारली गेली’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि पुढे काहीच होत नाही. काय करावे? आणि सेटी अजून चालू आहे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पुढची निवड अवलंबून आहे. १७ मे १९९९ रोजी सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ने ३१ मार्च २०२० पासून स्वयंसेवकांना नवे काम पाठवणे थांबवले. परंतु त्याच बर्कली विद्यापीठात, त्याच अनुभवातून, २००२ साली बॉइंक ही सामायिक व्यवस्था उभी राहिली आणि आज जगातील अनेक संशोधन प्रकल्प तिच्यावर चालतात. बॉइंक स्वतः कोणतेही संशोधन करत नाही. प्रकल्पाच्या सर्व्हरकडून कामाचा एक तुकडा आणणे, तो आपल्या संगणकाच्या रिकाम्या वेळात सोडवणे आणि उत्तर परत पाठवणे, एवढेच त्याचे काम आहे. म्हणून बॉइंक बसवल्यावर प्रकल्प आपल्याला निवडावा लागतो.

आता आपल्या अडचणीविषयी. बॉइंकचे दोन भाग असतात. प्रत्यक्ष गणन करणारा भाग म्हणजे क्लायंट. तो संगणक सुरू होताच पडद्यामागे सर्व्हिस म्हणून सुरू होतो आणि आपल्या नावाने नव्हे, तर ‘बॉइंक’ नावाच्या स्वतंत्र, मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. दुसरा भाग म्हणजे मॅनेजर, अर्थात आपण उघडता ती खिडकी. क्लायंट स्वतःसाठी एक पासवर्ड तयार करून फाइलमध्ये ठेवतो आणि ती फाइल बॉइंक गटाबाहेरच्या कोणालाही वाचता येत नाही. मॅनेजर आपल्या नावाने चालत असल्यामुळे त्याला ती वाचता येत नाही आणि त्यामुळे परवानगी नाकारली जाते. म्हणजे आपल्या इन्स्टॉलेशनमध्ये काहीही बिघडलेले नाही. केवळ आपले नाव त्या गटात घालायचे राहिले आहे.

मिंटमध्ये ‘युजर्स अँड ग्रुप्स’ उघडून आपल्या नावापुढील गटांच्या यादीत बॉइंकवर खूण करावी. टर्मिनलची (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीची) सवय असल्यास ‘सुडो ॲडयुजर’, त्यापुढे एक जागा सोडून आपले युजरनेम आणि पुन्हा जागा सोडून ‘बॉइंक’ अशी एकच ओळ पुरते. (येथे आज्ञा नागरी लिपीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या लहान रोमन अक्षरांत लिहाव्यात. बॉइंक हे नाव बी, ओ, आय, एन, सी या पाच अक्षरांचे आहे.) यानंतर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करणे अत्यावश्यक आहे, कारण गटाचे सदस्यत्व नव्या सत्रातच लागू होते. बहुतेकांचे घोडे नेमके येथेच अडते: गट बदलून ते तीच खिडकी पुन्हा पुन्हा उघडत राहतात. लॉग इन केल्यावरही तोच संदेश आला, तर टर्मिनलमधून ‘व्हार’ फोल्डरमधील ‘लिब’ आणि त्यातील ‘बॉइंक’ किंवा ‘बॉइंक-क्लायंट’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन तेथून ‘बॉइंकएमजीआर’ सुरू करावे, म्हणजे मॅनेजरला पासवर्डची फाइल शेजारीच मिळेल.

इंटरनेटवर या अडचणीवर दोन झटपट उपाय सुचवले जातात: मॅनेजर सुडोने, म्हणजे संगणकाचे सर्वाधिकार देऊन, चालवणे किंवा संपूर्ण फोल्डर सर्वांसाठी खुला करणे. कृपया यांपैकी काहीही करू नये. बाहेरून आलेले गणन आपल्या खासगी फाइलींपासून दूर राहावे, यासाठीच तो स्वतंत्र वापरकर्ता निर्माण केलेला असतो. ती भिंत आपणच पाडण्यात अर्थ नाही. तसेच मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये बॉइंकची नेहमीची आणि फ्लॅटपॅक (वेगळ्या पद्धतीने बांधलेली) अशा दोन आवृत्त्या दिसू शकतात. भाच्याने एक आणि आपण दुसरी बसवली असल्यास दोन्ही क्लायंट ३१४१६ या एकाच पोर्टवर (प्रोग्रॅमशी जोडणी करण्याच्या क्रमांकित दारावर) हक्क सांगतात आणि गोंधळ होतो. (तो क्रमांक ‘पाय’च्या अंकांवरून घेतलेला आहे, हे आपल्यासारख्या विज्ञान शिक्षिकेस आवडेल.) एकच आवृत्ती ठेवावी.

मॅनेजर जोडला गेला की तो लगेच प्रकल्प निवडण्याची खिडकी उघडतो. माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की ती खिडकी त्या वेळी बंद करावी आणि आधी ‘ऑप्शन्स’मधील ‘कम्प्युटिंग प्रेफरन्सेस’मध्ये जावे. प्रकल्प जोडताक्षणी काम उतरू लागते आणि मर्यादा घातलेल्या नसतील, तर संगणकाचे सर्व धागे पूर्ण ताकदीने चालू लागतात. थंड प्रदेशात हे चालून जाते. नागपुरात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेथे हाच क्रम उलटा केल्याने जुने संगणक बंद पडतात.

त्या पानावर ‘किती टक्के सीपीयू वापरावेत’ ही मर्यादा आहे. तेथे ५० लिहावे, म्हणजे आपल्या चारपैकी दोनच धागे कामाला लागतील. तिच्या खालीच ‘किती टक्के सीपीयू वेळ वापरावा’ अशी दुसरी मर्यादा असते आणि उष्णता कमी करण्यासाठी पुष्कळ जण तीच कमी करतात. ती १०० वरच राहू द्यावी असे माझे मत आहे. ही मर्यादा गणन थोडा वेळ चालवून थोडा वेळ थांबवते, त्यामुळे तापमान आणि पंख्याचा वेग सतत वरखाली होत राहतो. कमी धागे, पण संथ आणि अखंड चाल, हे जुन्या यंत्राला अधिक मानवते. मेमरी ४ जीबी असल्याने ‘संगणक वापरात असताना’ची मेमरीची मर्यादा ४० ते ५० टक्के ठेवावी, अन्यथा ब्राउझर उघडताच यंत्र कुंथू लागेल.

‘संगणक वापरात असताना थांबवा’ ही सोय लिनक्सवर नेहमी भरवशाची नसते. क्लायंट वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्यामुळे आपण माउस हलवला हे त्याला प्रत्येक वेळी कळत नाही. त्यापेक्षा वेळापत्रक वापरावे. रात्री अकरा ते सकाळी सहा अशी वेळ दिली, तर उन्हाळ्यातही खोली त्यातल्या त्यात निवलेली असते. वीज गेल्यास काळजी नसावी. बहुतेक प्रकल्पांची कामे ठरावीक अंतराने आपली प्रगती डिस्कवर नोंदवतात आणि वीज आल्यावर शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू होतात.

कूलरबद्दल एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातून सांगतो. मी काही वर्षांपूर्वी नवतपाच्या (उन्हाळ्यातील नऊ अतिउष्ण) दिवसांत संगणक थेट कूलरच्या झोतासमोर ठेवला होता. हवा थंड होती, परंतु तिच्यासोबत ओलावा आणि धूळ आत जात राहिली, प्रोसेसरवरील पंख्याच्या पात्यांवर दोन महिन्यांत चिकट थर बसला आणि यंत्र गरम होऊन आपोआप बंद होऊ लागले. संगणक कूलर असलेल्या खोलीत जरूर असावा, पण झोताच्या रेषेत नसावा. कॅबिनेट उघडून धूळ काढावी आणि यंत्र आठ-दहा वर्षांचे असल्यास सीताबर्डीवरील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानातून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेण्यास मदत करणारा लेप) बदलून घ्यावी. खर्च किरकोळ आहे. ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज बसवून टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ लिहिले की तापमान दिसते. ते बराच वेळ ८० अंशांच्या वर राहत असेल, तर आणखी एक धागा कमी करावा. एप्रिल ते जूनचा मध्य एवढे दिवस काम सरळ बंद ठेवले, तरी त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रकल्पांपैकी ‘आइन्स्टाइन ॲट होम’ने सुरुवात करावी असे मी सुचवीन. २००५ पासून चालू असलेला हा प्रकल्प लायगोसारख्या यंत्रणांच्या नोंदींमध्ये, वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून येणाऱ्या क्षीण गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातील सूक्ष्म तरंग) शोधतो आणि त्यासोबत रेडिओ व गॅमा किरणांच्या नोंदींमध्ये पल्सारही (ठरावीक अंतराने स्पंदने पाठवणारे न्यूट्रॉन तारेही) शोधतो. २०१० साली अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमधून त्याला एक नवा पल्सार सापडला. ते काम अमेरिकेतील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील एका स्वयंसेवकाच्या संगणकावर झाले होते. आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली आहे. त्या विज्ञानाचा एक धागा आपल्या घरातून जातो, हे आपण आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : काटोल रोडवर माझे किराणा दुकान आहे. मुलगा त्याच्या उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) संगणकावर असेच काहीतरी चालवतो. हे बिटकॉइनसारखे आहे का? यातून पैसे मिळतात का, आपली माहिती बाहेर जाते का आणि विजेचे बिल किती वाढेल?

उत्तर : हे बिटकॉइन नव्हे आणि यातून पैसे मिळत नाहीत. केलेल्या गणनाच्या प्रमाणात ‘क्रेडिट’ म्हणून गुण मिळतात. ते केवळ नोंदीपुरते असतात. बॉइंकच्या नावावर गुंतवणूक किंवा सभासद शुल्क मागणारा कोणी भेटल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे.

आपली कागदपत्रे किंवा छायाचित्रे प्रकल्पाकडे पाठवणे हा या व्यवस्थेच्या कामाचा भाग नाही. संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिम अशी तांत्रिक माहिती मात्र जाते, कारण त्यावरूनच योग्य काम दिले जाते. प्रकल्पाचे प्रोग्रॅम डिजिटल स्वाक्षरीने तपासूनच चालवले जातात. तरीही आपण प्रकल्पावर विश्वास टाकत असतो हे खरे आहे, म्हणून मुलाने विद्यापीठ किंवा प्रस्थापित संशोधन संस्थेचेच प्रकल्प निवडावेत.

बिलाचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांना न विचारता हे सुरू करू नये असे मला वाटते. समजा, काम चालू असताना संगणक एरवीपेक्षा ४० वॅट अधिक घेतो आणि रोज ८ तास चालतो. म्हणजे दिवसाला ०.३२ युनिट आणि ३० दिवसांत ९.६ युनिट झाले. ग्राफिक कार्डही कामाला लावले, तर फरक २०० वॅटही असू शकतो आणि मग तेच ४८ युनिट होतात. येथे पुष्कळांचा हिशेब चुकतो, कारण ते बिलातील सरासरी दराने गुणतात. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्यांच्या दराने मिळते आणि हे वाढीव युनिट नेहमी शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात पडतात. त्याच दराने गुणावे. उन्हाळ्यात कूलरमुळे तो टप्पा आधीच वर गेलेला असतो. प्लगमध्ये लावायचा वॅट-मीटर मिळतो, त्यावर एक रात्र मोजून पाहावे आणि मगच मुलाशी बोलावे. रक्कम आपल्याला पटली, तर मुलाच्या हातून चांगले काम घडते आहे असे समजावे.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक विषय शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत उबुंटूचे वीस संगणक आहेत आणि ते रात्री मोकळेच असतात. त्या सर्वांवर हे बसवावे का?

उत्तर : प्राचार्यांची लेखी परवानगी मिळेपर्यंत एकाही संगणकावर बसवू नये. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका तंत्रशिक्षण संस्थेतील संगणक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने संस्थेच्या यंत्रांवर अशाच स्वरूपाचे सॉफ्टवेअर परस्पर बसवले, तेव्हा त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला आणि २००२ साली दंड व समाजसेवा यांवर तडजोड होईपर्यंत तो टांगणीला लागला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. यंत्रे आणि वीज त्याची नव्हती, एवढेच. परवानगीच्या अर्जात वर दाखवल्याप्रमाणे विजेचा हिशेब वीस यंत्रांसाठी मांडावा, कोणता प्रकल्प आणि कोणत्या वेळी हे लिहावे आणि रात्री कोणी नसताना यंत्रे चालू राहतील, हेही स्पष्ट नमूद करावे. वायरिंग आणि यूपीएस तेवढा भार रात्रभर पेलतील का, हे विद्युत कारागिराकडून पाहून घ्यावे.

परवानगी मिळाल्यास प्रत्येक यंत्रावर मॅनेजरची गरज नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बॉइंक-क्लायंट’ एवढेच पुरते आणि प्रकल्प ‘बॉइंकसीएमडी’ या आज्ञेने, प्रकल्पाचा पत्ता आणि खात्याची किल्ली देऊन जोडता येतो. ती किल्ली फळ्यावर लिहू नये. ती हाती आलेला कोणीही आपल्या खात्यात शिरू शकतो. खाते व्यक्तीच्या नव्हे, तर महाविद्यालयाच्या ई-मेलवर उघडावे, म्हणजे आपली बदली झाली तरी नोंद संस्थेकडे राहील.

पहिल्या महिन्यात दोनच यंत्रे चालवून पाहावीत. बॉइंकने कामाचा साठा किती दिवसांचा ठेवावा, ही मर्यादा अर्ध्या दिवसाच्या आत ठेवावी, कारण फक्त रात्री चालणारे यंत्र मोठा साठा मुदतीत संपवू शकत नाही आणि मुदत उलटलेले काम प्रकल्पाला दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा द्यावे लागते. दिवाळीची सुटी, प्रात्यक्षिक परीक्षा किंवा उन्हाळ्यात प्रयोगशाळेला कुलूप लागणार असेल, तर आठवडाभर आधी प्रत्येक यंत्रावर ‘नो न्यू टास्क्स’ लावावे, हाती असलेली कामे पूर्ण होऊन परत जाऊ द्यावीत आणि त्यानंतरच मुख्य स्विच बंद करावा.