जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवण्यात आता काय उरले आहे?

मुंबईत राहून जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवायला सुरुवात कशी करावी, आणि वाजवणारे सगळे निघून गेल्यावर त्या प्लास्टिकच्या तुकड्यांत उरते तरी काय, असे आपण विचारले आहे. आधी एक दुरुस्ती करतो, कारण तीच चूक मला पहिल्याच वर्षी महागात पडली होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या १० इंची तबकड्या प्लास्टिकच्या नसतात, लाखेच्या असतात. लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून त्या दाबून काढलेल्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे ठाऊक नसल्यामुळे, बुरशी चढलेली एक तबकडी मी कापसाच्या बोळ्याने आणि स्पिरिटने मनापासून पुसली. बोळा काळा होत गेला तसा मी खूश होत गेलो, कारण मला तो मळ वाटत होता. प्रत्यक्षात ते संगीत होते. तेव्हा कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, याखेरीज काहीही वापरू नका, आणि मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका.

खरेदीसाठी चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला पर्याय नाही, मात्र तिथे घाई करू नये. तबकडी उजेडाकडे तिरकी धरून चरे पाहावेत, मग ती मध्यभागी बोटावर तोलून कडेला हलकेच टिचकी मारावी. अखंड तबकडी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. केसाएवढा तडाही दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ करतो, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा, आणि तीन मिनिटांचे गाणे त्यात पार बुडते. घरी एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले रेकॉर्डची, सुई लावू नका; ७८ च्या खाचा सुमारे तिप्पट रुंद असतात आणि बारीक सुई त्यांच्या तळाशी साचलेला कचराच वाचत बसते. चावीचा ग्रामोफोन असेल तर प्रत्येक बाजूला नवी पिन लावावी, कारण तबकडीतली दगडाची भुकटी एका बाजूतच पिन झिजवते आणि झिजलेली पिन मग तबकडीला खाते. भावाबद्दल काही लिहीत नाही; तो दुकानदाराच्या मनावर आणि आपल्या चेहऱ्यावर अवलंबून असतो.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे वळतो. अमेरिकन जॅझच्या मूळ तबकड्यांच्या मागे लागण्याऐवजी आपण मुंबई-कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या तबकड्या शोधाव्यात, असे माझे मत आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी तिथला ताफा सांभाळला आणि १९३६ मध्ये रेक्स या रेकॉर्ड-ब्रँडसाठी ‘ताजमहाल’ नावाचाच एक फॉक्सट्रॉट, म्हणजे जोडीने नाचायची धून, ध्वनिमुद्रित केला. शिकागो गाजवून शांघायमार्गे ताजमध्ये आलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला स्थिरावले आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने गेले. दमदमच्या कारखान्यात दाबलेली त्यांची तबकडी मी वाजवतो, तेव्हा पियानोच्या डाव्या हाताचा जोर खरखरीला बाजूला सारून पुढे येतो, आणि हा माणूस आपल्याच देशात, आपल्याच रोगराईत गेला, हे त्या तीन मिनिटांत विसरता येत नाही.

या पाहुण्यांकडून जे शिकले ते बहुतेक गोव्याचे होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत; मूळचे आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकन जॅझचे विख्यात ट्रम्पेटवादक. पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांनी त्यांना साहाय्यक म्हणून घेतले, आणि ‘अलबेला’च्या गाण्यांत जो ट्रम्पेट अंगात येतो त्यामागे हा हळदोण्याचा माणूस आहे. भगवानदादांच्या नाचावर आपण सगळेच खूश असतो, पण त्या नाचाला हवा कोण पुरवत होते, हे फार थोडे लोक विचारतात. चिक १९६७ मध्ये गेले. १९५१ च्या ‘नादान’ला संगीतकार म्हणून त्यांचे नाव लागले, तो अपवादच म्हणायचा, कारण एरवी तबकडीच्या लेबलवर गायक, संगीतकार आणि चित्रपट एवढेच छापत. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन वाजवणारी माणसे, आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे त्यांच्यासाठी स्वरलिपी लिहून देणारे अरेंजर, लेबलच्या बाहेरच राहिले.

म्हणून मी तबकड्यांबरोबर एक वही ठेवतो आणि आपणही पहिल्या दिवसापासून ठेवावी, असे सुचवतो. तबकडीचा क्रमांक, लेबलशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, आणि त्यापुढे ‘कोणी वाजवले’ हा रकाना. हा तिसरा रकाना पैशाने भरत नाही, त्यासाठी माणसे गाठावी लागतात आणि ती झपाट्याने कमी होत आहेत.

चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलेल्या, वांद्र्याच्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी काही वर्षे अशाच तबकड्या घेऊन जात असे. तरुणपणी ते धोबी तलावच्या कुडात, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांनी आपल्या गावकऱ्यांसाठी चालवलेल्या खोल्यांत, खाटेला खाट लावून राहिले होते. पहिल्या चार सुरांत ते ट्रम्पेट ओळखत आणि नाव सांगून लगेच म्हणत, “लिहून घ्या, बाबा.” एकदा गाण्याच्या मधल्या तुकड्यात सॅक्सोफोन आला आणि त्यांनी हात वर करून मला पिन उचलायला लावली. तोच तुकडा आम्ही तीनदा ऐकला. तो वादक स्टुडिओत त्यांच्या पुढच्याच रांगेत बसायचा, डबा उघडला की आधी यांना द्यायचा, म्हापशाकडचा होता, हे सगळे त्यांना आठवले, पण नाव काही केल्या ओठांवर येईना. “पुढच्या वेळी सांगतो,” असे म्हणून त्यांनी चहा मागवला. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. माझ्या वहीत त्या तबकडीपुढे अजून ‘सॅक्सोफोन: म्हापशाकडचे, डबा देणारे’ एवढेच पेन्सिलीने लिहिलेले आहे. आपल्या घरी किंवा ओळखीत कोणी त्या काळचे वादक असतील, तर तबकड्या विकत घेण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या.